वऱ्हाडचा प्रतिनिधी शोधायचा तर : तालुक्याच्या वाचनालयातली जुनी आलमारी

इंग्रजी अमलातल्या केंद्रीय कायदेमंडळाच्या निवडणुकांचा अभ्यास करायला दरवेळी नागपूर-दिल्ली गाठायची गरज नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयात त्या सभेच्या कामकाजाचे बांधीव खंड लाकडी आलमारीत जपून ठेवलेत. सोबत भिंतीवर माहितीफलकही आहेत. खंडांसाठी जरूर जा, फलकांवर मात्र विसंबू नका.

खंड हाती आला की नव्या सभेच्या पहिल्या बैठकीचं पान काढायचं. निवडणूक 1934 च्या अखेरची असेल तर पान जानेवारी 1935 चं. शपथ घेणाऱ्याच्या नावापुढं कंसात मतदारसंघ छापलेला असतो. डॉ. ना. भा. खरे नागपूर डिव्हिजन, नॉन-मोहमेडन (म्हणजे मुस्लिमेतर मतदारांची जागा). बापूजी अणे बेरार रिप्रेझेंटेटिव्ह. इंग्रजीत नावांची स्पेलिंगं दगा देतात, म्हणून मतदारसंघावरून शोधलेलं बरं. आणि ‘विदर्भ’ शोधत बसू नका, तिथं ‘बेरार’ आहे, म्हणजे आपलं वऱ्हाड.

आता फलक. अणे ‘सरकारनियुक्त सदस्य’ असं ठळक अक्षरात रंगवलंय. चूक कुठून आली ते कळतं. 1919 च्या कायद्यानं सभेत 145 जागा ठरल्या, 104 निवडून द्यायच्या आणि 41 नेमायच्या. वऱ्हाडची जागा कागदावर त्या 41 मध्ये धरलेली. कारण वऱ्हाड कायद्यानं ब्रिटिश मुलूख नव्हताच. 1902 च्या करारानं निजामाकडून वर्षाला 25 लाख रुपयांवर कायमच्या पट्ट्यानं घेतलेला. म्हणून मतदान इथं व्हायचं, लोक माणूस निवडायचे, आणि मग सरकार त्यालाच ‘नेमायचं’. नेमणूक नावापुरती, निवड मतदारांची. 1930 मध्ये पुसदला जंगल सत्याग्रह करून तुरुंगात गेलेल्या माणसाला त्याच्याच जिल्ह्यात सरकारचा माणूस ठरवणं फार लागतं. हा फलक आधी उतरवायला हवा.

दुसरा घोळ 1937 चा. त्या वर्षीची निवडणूक प्रांतिक विधानसभेची होती, मध्य प्रांत-वऱ्हाडच्या 112 जागांची. फलकावर ती केंद्रीय म्हणून घातलीय. केंद्रात 1934 नंतर थेट 1945 लाच मतदान झालं.

कागद पिवळा, कडा कुरकुरीत. झेरॉक्सच्या काचेवर खंड उलटा दाबला की पाठ उसवते आणि पानं सुटतात, त्यामुळं झेरॉक्स मिळत नाही, हे योग्यच आहे. मोबाइलनं फोटो काढू देतात. बांधणी घट्ट असल्यानं आतली अक्षरं शिवणीत बुडतात. पूर्ण पान एकदम टिपू नका, वरचा अर्धा, खालचा अर्धा असे दोन फोटो घ्या. फ्लॅश बंद. थुंकी लावून पान उलटायचं नाही, खुणेला कोरी चिठ्ठी ठेवायची.

आलमारीची किल्ली ग्रंथपालबाईंकडेच असते, म्हणून आदल्या दिवशी फोन करून खंडाचं वर्ष सांगून ठेवा. सकाळी स्पर्धा परीक्षेच्या पोरापोरींनी टेबलं भरलेली असतात. दुपारी बारानंतर खिडकीजवळची जागा मिळते, आणि लाइन गेली तरी तिथला उजेड वाचायला पुरतो.