मॅक्सिमा: मधेच थांबून आपल्यालाच प्रश्न विचारणारं सॉफ्टवेअर

कॉलेजला गणित किंवा फिजिक्स शिकवत असाल तर मॅक्सिमा वर्गात वापरून बघाच, हे आकड्यांसोबत अक्षरांनीही गणित सोडवणारं सॉफ्टवेअर आहे. फुकट आहे, ओपन सोर्स आहे, नेट लागत नाही, जुन्या कॉम्प्युटरवरही चालतं. मुळं एमआयटीत १९६८ ला सुरू झालेल्या प्रोजेक्टमधे आहेत, १९९८ मधे विल्यम शेल्टर यांनी परवानगी काढून ते जीपीएल या मुक्त लायसन्सखाली आणलं. इन्स्टॉल करताना डब्ल्यूएक्समॅक्सिमा हा त्याचा खिडकीवाला चेहरा (इंटरफेस) घ्या, म्हणजे समीकरणं नीट पुस्तकासारखी दिसतात.

आता खरी गंमत. स्प्रिंगला टांगलेल्या वस्तूचं डॅम्पिंगवालं (हालचाल हळूहळू मंदावणारं) समीकरण घ्या, एम (वस्तुमान), बी (डॅम्पिंग), के (स्प्रिंगचा स्थिरांक) ही अक्षरंच ठेवा, आकडे घालू नका, आणि ओडीई२ या डिफरन्शियल समीकरण सोडवणाऱ्या कमांडला द्या. ते आधी विचारतं, ४केएम वजा बी वर्ग हे पॉझिटिव्ह, निगेटिव्ह की झिरो? पॉझिटिव्ह म्हटलं की साइन-कोसाइन येतात, निगेटिव्ह म्हटलं की नुसते एक्स्पोनेन्शियल, झिरो म्हटलं की क्रिटिकल डॅम्पिंग. तीन केसेस तीन वेगळे फॉर्म्युले म्हणून पाठ करणाऱ्या मुलांना त्या एकाच समीकरणातून कुठे फुटतात ते पहिल्यांदा दिसतं!! मी उत्तर टाइप करायच्या आधी वर्गाला विचारतो, आता काय येणार आणि का, मग जो वाद होतो तोच माझ्यासाठी खरा तास.

उणिवा आहेतच. स्टेप्स दाखवत नाही, थेट उत्तर. इंटिग्रेशनचा स्थिरांक सी लिहीत नाही, आणि १/एक्स चं उत्तर नुसतं लॉग एक्स देतं, मॉड (एक्सची चिन्हाशिवायची किंमत) नाही. लॉगअ‍ॅब्स हे सेटिंग ट्रू केलं की मॉड येतो, पण मी मुद्दाम तसंच ठेवतो आणि निगेटिव्ह एक्सला काय होईल ते मुलांना शोधायला लावतो. साइन वर्ग अधिक कॉस वर्ग याचं १ सुद्धा आपोआप होत नाही, ट्रिगसिंप ही सोपं रूप देणारी कमांड सांगावी लागते, शिवाय रॅटसिंप, रॅडकॅन या तशाच कमांड वेगळ्याच, कुठे काय वापरायचं हे अंगवळणी पडायला वेळ लागतो. व्हेरिएबलला किंमत द्यायची तर कोलन, बरोबरचं चिन्ह फक्त समीकरणासाठी, यावर नवीन मुलं हमखास अडकतात, पहिल्याच तासाला सांगून टाका.

शाळेतल्या मुलांसाठी मात्र जिओजेब्राच बरं, आकृती हलवून बघता येते. पायथन येत असेल तर सिमपाय ही त्यातली असंच गणित करणारी लायब्ररी घ्या.