कोथरूडची लॅब आणि बाबांच्या गोळ्यांचा डबा

पौड फाट्याच्या जरा अलीकडे, गल्लीत, पहिल्या मजल्यावर ही पॅथॉलॉजी लॅब आहे. बोर्ड लहान आहे, गाडी लावायला जागा नाही. पण आम्हाला तिथे जावंच लागलं नाही, कारण ते घरी येऊन रक्त घेतात. त्याचे शंभर रुपये जास्त पडतात.

बाबा ६७ वर्षांचे. पावसाळ्यात फ्लू झाला, घशाच्या स्वॅबमध्ये इन्फ्लुएन्झा ए निघाला. पाचव्या दिवशी ताप उतरला, पण जेवणाचा वास नको म्हणायला लागले आणि लघवी गडद पिवळी झाली. आमच्या डॉक्टरांनी लिव्हरची तपासणी लिहून दिली. खरं सांगते, मला ती उगाचच वाटली. पुण्यात आपण फ्लूला भितो ते छातीसाठी. देशातला स्वाइन फ्लूचा पहिला मृत्यू ऑगस्ट २००९ मध्ये इथेच झाला होता, तेव्हाची ती मास्कची धावपळ मला अजून आठवते. त्यात लिव्हरचं नाव कुणाच्या तोंडून ऐकल्याचं आठवत नाही.

सकाळी सातला लॅबची मुलगी आली. बाबांची शीर सापडत नव्हती, तर दोनदा टोचण्याऐवजी तिने गरम पाण्यात बुडवून पिळलेला पंचा त्यांच्या हातावर ठेवला आणि थांबली. मग विचारलं, "आजोबा, गोळ्या कुठल्या चालू आहेत?" आमच्याकडे औषधं श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात असतात. तिने तो डबाच मागून घेतला, एकेक पाकीट ट्यूबलाइटखाली धरून मागची बारीक अक्षरं वाचली आणि फॉर्मवर लिहिली. तापाची गोळी ६५० मिलिग्रॅम पॅरासिटामॉलची, दिवसातून चार वेळा. शिवाय कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून आणलेली सर्दीची गोळी, तीन वेळा. तिच्यातही ५०० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल होतं. हे मला माहीतच नव्हतं, आणि दुकानदारानेही सांगितलं नाही. हिशेब केला तर रोजचे ४१०० मिलिग्रॅम. लिव्हरला इजा होऊ नये म्हणून धडधाकट मोठ्या माणसालाही दिवसाला ४००० च्या वर जायचं नसतं, आणि बाबा तर नीट जेवतही नव्हते.

रात्री साडेआठला लॅबच्या डॉक्टरबाईंचा स्वतःहून फोन आला. लिव्हरला इजा झाली की रक्तात वाढणारी दोन एन्झाइम्स, एसजीपीटी ३८६ आणि एसजीओटी ४३०. दोन्ही साधारण चाळीसच्या आत हवेत. "रिपोर्ट व्हॉट्सॲपवर पाठवलाय, पण सकाळची वाट बघू नका, तुमच्या डॉक्टरांना आत्ताच कळवा. आणि दोन्ही गोळ्यांत पॅरासिटामॉल आहे, तेही सांगा." मागच्या वर्षी एका मोठ्या कंपनीकडून आईची तपासणी केली होती, तेव्हा लाल अक्षरांतली पीडीएफ नुसती येऊन पडली होती. चौकशी केली तर "डॉक्टरांना दाखवा" एवढंच उत्तर मिळालं. म्हणून या एका फोनचं मोल मला फार वाटतं.

आमच्या डॉक्टरांनी दोन्ही गोळ्या त्याच रात्री थांबवल्या आणि पुढच्या तपासण्या सांगितल्या. रक्त गोठण्याची, म्हणजे आयएनआर, ती नॉर्मल आली म्हणून ॲडमिट करावं लागलं नाही. कावीळ ए आणि ई, दोन्ही निगेटिव्ह. एसजीओटी स्नायूंमधूनही वाढतं आणि फ्लूत अंग मोडून येतं, म्हणून सीपीके हे स्नायूंचं एन्झाइमही तपासलं. ते थोडंच वाढलेलं होतं. डॉक्टर म्हणाले, फ्लूमध्ये आणि कोविडमध्येही लिव्हरला सूज येऊ शकते. विषाणू लिव्हरमध्ये शिरायलाच हवा असं नाही, शरीर त्याच्याशी लढतं त्याची झळ लिव्हरला लागते. बहुतेकांची थोडीशीच असते आणि आपोआप उतरते. बाबांच्या बाबतीत त्यात गोळ्यांची भर पडली. कशाचा वाटा किती, हे वेगळं काढता येत नाही. शेजारच्या काकूंनी प्रेमाने गुळवेलीचा काढा आणला होता, तोही त्यांनी बंद करायला सांगितला.

चौथ्या दिवशी एसजीपीटी १९०, तीन आठवड्यांनी ४४. तिन्ही वेळा तीच मुलगी आली, आणि तिन्ही वेळा तिने आधी डबा मागितला.

तक्रार एकच. रविवारी दुपारनंतर फोन कुणी उचलत नाही, आणि आजारपण काही वार बघून येत नाही. एरवी सकाळी साडेसहा ते नऊ घरी येतात, आदल्या रात्री फोन करून वेळ घ्यावी लागते. घरातली सगळी औषधं, काढे-चूर्णंसुद्धा, समोर काढून ठेवा, रक्त घ्यायला येणारी मुलगी ती बघते.