फोटोतला अनोळखी हॅश आणि रंगाचं प्रोफाइल : आयडेंटिफाय की एक्झिफटूल?

दिवाळी अंकासाठी लेखकांकडून येणाऱ्या फोटोंना ना आगा ना पिछा. कुणी आयफोनवरून धाडतं, कुणी फेसबुकवरून उतरवून घेतं, तर कुणी जुनी फोटोशॉपची फाइल काढून देतं. छपाईसाठी सीएमवायके (छपाईच्या चार शायांचे रंग) करण्याआधी दोन गोष्टी कळाव्या लागतात : रंग कुठल्या प्रोफाइलमधले (म्हणजे कुठला आकडा नक्की कुठला रंग, हे सांगणाऱ्या कोष्टकातले) आहेत आणि मेटाडेटातली, म्हणजे फोटोसोबत फाइलमध्ये साठवलेल्या माहितीतली, ती लांबलचक अक्षरांची माळ नक्की कसली. ही माहिती दाखवणारी दोन साधनं, इमेजमॅजिकचं आयडेंटिफाय आणि फिल हार्वे यांचं एक्झिफटूल, दोन्ही फुकट आहेत आणि मी दोन्ही वापरतो. पण एकच शिकायला वेळ असेल तर कुठलं, एवढ्यापुरतं हे लिहितोय.

आयडेंटिफायची जमेची बाजू अशी, की ते बहुतेक वेळा आधीच मशीनवर असतं. फोटो लहान-मोठे करायला इमेजमॅजिक टाकलेलंच असतं, त्यामुळे वेगळं काही आणायला नको. त्याची ‘सिग्नेचर’ ही ओळही कामाची. हा ६४ अक्षरी एसएचए-२५६ हॅश (डेटावरून गणिताने काढलेला ठसा) फाइलचा नसून पिक्सेलचा असतो. एका फोटोवर कॅप्शन आहे, दुसऱ्यावर नाही, पण चित्र तेच. तर सिग्नेचर तीच येते. टिफची पीएनजी केली तरी, पिक्सेल तेच राहिले असतील तर, जुळते. मात्र ही ओळ फाइलमध्ये कुठेच लिहिलेली नसते, आयडेंटिफाय ती त्या क्षणी काढतं. नवख्या माणसाला वाटतं, फोटोग्राफरनेच काहीतरी शिक्का मारलाय.

माझं मन फिरलं ते मात्र रंगाच्या ओळीवरून. आयफोन ७ पासून, म्हणजे २०१६ पासून, आयफोनचे फोटो डिस्प्ले पी३ मध्ये, म्हणजे नेहमीच्या एसआरजीबीपेक्षा जास्त रंग मावणाऱ्या प्रोफाइलमध्ये, येतात. असा फोटो ‘व्हर्बोज’ (सविस्तर माहितीचा पर्याय) लावून आयडेंटिफायला दिला की वरच्याच भागात ठसठशीत येतं : ‘कलरस्पेस : एसआरजीबी’. बरंच खाली, एक्झिफच्या (कॅमेऱ्याने लिहिलेल्या माहितीच्या) रकान्यात, बहुधा ६५५३५ हा आकडा. त्याहून खाली आयसीसीच्या, म्हणजे फाइलमध्ये चिकटवलेल्या प्रोफाइलच्या, वर्णनात एकदाचं ‘डिस्प्ले पी३’. एकाच फाइलबद्दल तीन ठिकाणी तीन उत्तरं! याला चूक म्हणता येत नाही. आयडेंटिफाय तिथे फक्त आकडे कुठल्या पद्धतीचे आहेत ते सांगतं, आत चिकटवलेलं प्रोफाइल त्या ओळीत धरतच नाही. अ‍ॅडोबी आरजीबी या आणखी एका प्रोफाइलच्या फोटोलाही तेच लेबल लागतं. पण अंक छापायला जायच्या आदल्या रात्री पहिली ओळ वाचून पुढे जाणाऱ्याला हे कोण सांगणार? पी३ चे आकडे एसआरजीबी समजून पुढे ढकलले की झेंडूच्या तोरणाचा केशरी रंग मलूल दिसतो आणि बोलणी छापखान्याला बसतात.

एक्झिफटूल इथे सरळ वागतं. ६५५३५ च्या जागी ‘अनकॅलिब्रेटेड’ (म्हणजे एसआरजीबी धरू नका) असं शब्दात लिहितं आणि प्रोफाइलचं नाव वेगळ्या ओळीत देतं. जी१ हा पर्याय लावला की प्रत्येक ओळीपुढे ती कुठल्या कप्प्यातून आली तेही येतं. अनोळखी हॅश ओळखायचा खरा मार्ग हाच आहे. ३२ अक्षरं दिसली की हॅश ओळखणारी साधनं ‘एमडी५’ (हॅशचा एक ३२ अक्षरी प्रकार) म्हणून मोकळी होतात. ती फक्त लांबी मोजतात. तीच ३२ अक्षरं आयसीसी-हेडरच्या कप्प्यात असली तर तो प्रोफाइलचा स्वतःचा एमडी५ असतो. डिस्प्ले पी३ चा तर ‘सीए१ए९५८२’ ने सुरू होतो, तो आता मला तोंडपाठ झालाय. जुन्या, दुसऱ्या आवृत्तीच्या प्रोफाइलमध्ये तिथे शून्य दिसतं, त्याने दचकू नये. फोटोशॉपच्या कप्प्यात ‘आयपीटीसी डायजेस्ट’ असेल तर तो कॅप्शनच्या गठ्ठ्याचा हॅश. फाइलच्या कप्प्यातल्या ‘करंट’ डायजेस्टशी जुळला नाही, तर मधे दुसऱ्या कुठल्या तरी प्रोग्रॅमने कॅप्शनला हात लावलाय असं समजावं. (हा ‘करंट’वाला एक्झिफटूलही स्वतःच काढतं, पण निदान कप्पा वेगळा दाखवतं.) आणि ‘स्पेशल इन्स्ट्रक्शन्स’मध्ये ‘एफबीएमडी’ने सुरू होणारी माळ, सोबत ‘सी२’ नावाचं ५२४ बाइटचं चिमुकलं प्रोफाइल दिसलं, की हॅश शोधत बसू नका. फोटो फेसबुकवरून उतरवलाय; मूळ फाइल मागवा.

एक्झिफटूलचेही नखरे आहेत. दर फाइलला वेगळं चालवलं तर पर्ल (ज्या भाषेत ते लिहिलंय ती) सुरू होण्यातच वेळ जातो, म्हणून अख्खा फोल्डर एकदम द्यावा. एकदम दिला तर, माझ्या जुन्या लॅपटॉपवर तरी, ते आयडेंटिफायच्या कितीतरी आधी आटपतं, कारण ते पिक्सेल उघडायच्या भानगडीत पडत नाही. चित्राच्या डेटाचा हॅश हल्ली तेही देतं, पण फॉरमॅट बदलला की तो जुळत नाही. तिथे सिग्नेचरच सरस.

तुमचं काम मुख्यतः दुबार आलेली चित्रं हुडकण्याचं असेल, तर आयडेंटिफाय पुरेल, उगाच दुसरं शिकू नका. फोटो छापायचे असतील तर मी तरी आधी एक्झिफटूल उघडेन. आणि लेखकांना सांगून ठेवा, व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणूनच पाठवा. साधा फोटो म्हणून आला तर त्यातला एक्झिफ वाटेतच गळालेला असतो.