मुलांचा प्राणी-जंगल निवासी कॅम्प: भीमाशंकरकडचा आमचा रिव्ह्यू, आणि बाकीचे का कटाप केले

मार्च संपत आला की सोसायटीच्या ग्रुपवर समर कॅम्पच्या जाहिरातींचा नुसता पाऊस. आमच्या लेकीचं वय नऊ आणि तिला प्राणी सोडून दुसरं काही सुचत नाही, त्यामुळे यंदा रोबोटिक्स वगैरे विषयच नव्हता, प्राणीच हवे होते आणि तेही राहायचा कॅम्प. शेवटी भीमाशंकरच्या अलीकडे एका गावात होणारा पाच दिवस चार रात्रींचा कॅम्प घेतला. संस्थेचं नाव लिहीत नाहीये, कारण खाली तक्रारी पण आहेत आणि माणसं मनापासून करणारी आहेत. पण निवडताना जे बघितलं ते कुठल्याही कॅम्पला लागू पडेल म्हणून सविस्तर लिहिते.

पहिला प्रकार म्हणजे फार्महाऊसवाले. ससे, बदकं, एक इमू, एक घोडा, वर स्विमिंग पूल आणि रेन डान्स. लहान मुलांना मजा येते, नाही असं नाही, पण एका जाहिरातीत मुलांच्या गळ्यात साप घातलेले फोटो होते आणि दुसऱ्यात पिंजऱ्यात आपले साधे हिरवे पोपट आणि पाठीवर चांदण्या असलेलं कासव. आता हे सगळं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतं, पोपट घरात ठेवणंही गुन्हा आहे आणि सापांचे खेळ पण. फोन करून विचारलं तर म्हणे "मॅडम, एकदम सेफ आहे, दात काढलेत". तिथेच फोन ठेवला. जो माणूस सापाचे दात काढून मुलांना निसर्गप्रेम शिकवतो त्याच्याकडे मी लेकरू रात्रीचं ठेवणार नाही, विषय संपला.

दुसरा ताडोबा. हा नवऱ्याचा आग्रह होता, कारण त्याला स्वतःला वाघ बघायचाय (खरं कारण हेच). मे महिन्यात पाणवठे आटलेले असतात म्हणून वाघ दिसायचा चान्स चांगला, हे खरंच आहे. पण चंद्रपूरला तेव्हा पारा 45 च्या आसपास, उघड्या जिप्सीत सहा जण, एक फेरी पहाटे, एक दुपारी, आणि मधला सगळा वेळ मुलं खोलीत एसी लावून लोळणार. वर मंगळवारी कोअर (जंगलाचा आतला मुख्य भाग) बंद, म्हणजे तारखा बघूनच बुकिंग करायचं. आईबाबांबरोबर जायला ताडोबा एक नंबर, पण नऊ वर्षांच्या पोरीला एकटीला त्या उन्हात पाठवायचं मला काही पटलं नाही. आणि वाघ नाही दिसला की मुलं हिरमुसतात, मग दिसलेलं सांबर, रानकुत्री, मोर सगळं फुकट गेल्यासारखं होतं.

म्हणून सह्याद्री. भीमाशंकर अभयारण्य 1985 साली झालं ते मुख्यतः शेकरूसाठी, आणि शेकरू हा आपला राज्यप्राणी. मोठी, तांबूस, झुपकेदार शेपटीची खार, झाडावरून सहसा खाली उतरतच नाही, त्यामुळे मान वर करून बघायची सवय लागते. मला या कॅम्पचं आवडलं ते हे, की संयोजक दादांनी फोनवर स्वतःहून सांगितलं, "प्राणी दिसेलच अशी गॅरंटी नाही, पण त्याच्या खुणा नक्की दाखवू". जाहिरातीत एकाही प्राण्याला हात लावलेला फोटो नव्हता.

पैसे भरायच्या आधी मी जे विचारलं ते, तुम्हालाही उपयोगी पडेल: रात्री मुलींच्या खोलीत कोण झोपतं, एका ताई-दादाकडे किती मुलं, जवळचं ग्रामीण रुग्णालय कुठलं आणि तिथे सर्पदंशावरचं औषध (अँटिव्हेनम) आहे का हे यांनी यंदा विचारलंय का, गाडी रात्रभर ड्रायव्हरसकट तिथेच उभी असते का. 108 ला फोन करू हे उत्तर मला पुरेसं वाटत नाही, डोंगरात रेंज असेल तर ना. नाग, मण्यार, घोणस, फुरसं हे चारही विषारी साप महाराष्ट्रात आहेत, घाबरायचं कारण नाही पण बूट-टॉर्चचा नियम आहे का हे विचारायचंच. ट्रेक, रॅपलिंग असलं काही असेल तर नोंदणीचं विचारा, 2021 च्या राज्याच्या साहसी पर्यटन धोरणात पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची असते. सर्पदंशाच्या प्रश्नावर काही संयोजक चिडले सुद्धा. या दादांनी हॉस्पिटलचं नाव, अंतर, तिथल्या डॉक्टरांशी कधी बोलणं झालं सगळं न अडखळता सांगितलं. मार्क इथेच मिळाले.

आता प्रत्यक्ष कॅम्प. सकाळी सहाला जंगलात, नऊला नाश्ता, दुपारी सावलीत काम, संध्याकाळी परत फिरणं. दुपारचं काम म्हणजे सकाळी ज्या खुणा सापडल्या त्यांची वही. आमच्या बाईसाहेबांनी घरी येऊन आजीला जेवता जेवता सांगितलं की कातळावर उदमांजराची शी सापडली, त्यात नुसत्या बिया होत्या, त्या काडीने वेगळ्या करून मोजल्या. आजीचा घास हातातच राहिला. पण बघा ना, उदमांजर रात्री काय खातं, बिया कुठे नेऊन टाकतं, झाडं कशी पसरतात, हे तिला आता पाठ आहे आणि उदमांजर तिने अजून पाहिलेलंही नाही. ओढ्याच्या ओल्या मातीत ठसे शोधले, पुठ्ठ्याची पट्टी गोल लावून आत प्लास्टर ओतलं, वाळेपर्यंत गप्प बसायचं (हा खरा चमत्कार). कुत्र्या-कोल्ह्याच्या ठशात नखं उमटतात, मांजर कुळातल्यांची नखं चालताना आत असतात म्हणून उमटत नाहीत. आता बिल्डिंगखालच्या चिखलात रोज तपास चालू असतो. शेकरूची घरटी बरीच दिसली, शेकरू दोनदा, आणि एका रात्री पांढरी चादर बांधून दिवा लावला आणि त्यावर आलेले पतंग बघितले. काजवेही होते, मे अखेरची बॅच घेतल्याचा फायदा.

जेवण साधं, गावातल्या मावश्यांच्या हातचं, भाकरी, पिठलं, आमटी-भात, शेवटच्या दिवशी आमरस. घरी भाकरीला नाक मुरडणारी तिथे दोन-दोन खात होती म्हणे.

तक्रारी. एक, संडास-बाथरूम खोलीपासून लांब, अंगण ओलांडून. आंबेगाव-जुन्नर पट्टा म्हणजे बिबट्या असणारच, आणि रात्री मुलांना ताईला उठवून जोडीने जायचा नियम होता हे ठीक, पण काही मुली लाजून उठवतच नव्हत्या आणि सकाळपर्यंत थांबत होत्या. हे आधी सांगायला हवं होतं. दोन, फोनवर आठ मुलांमागे एक दादा म्हणाले होते, प्रत्यक्षात शेवटच्या क्षणी पोरं वाढवली आणि एकेकाकडे बारा झाली. विचारल्यावर "ताई, लोक ऐकतच नाहीत हो" हे उत्तर मिळालं. लोकांना नाही म्हणायला शिका की. तीन, ग्रुपवर रोज पन्नास फोटो, आणि त्यात आपलं मूल शोधत बसायचं. त्यापेक्षा रात्री एक ओळ, सगळे बरे आहेत, बास.

साडेनऊ हजार घेतले, पुण्याहून बससकट. पूल, डीजे, मॅजिक शो हवा असेल तर हा कॅम्प अजिबात घेऊ नका, मूल दुसऱ्या दिवशी रडेल. आठच्या खालच्यांना पण नको, चाल बरीच आहे. किडे, शी, चिखल यात रमणारं मूल असेल तर डोळे झाकून. पाचात चार, एक संडासाचा कापला.

पुढच्या वर्षी तिला आंबोलीला बेडूक बघायला जायचंय, जूनमध्ये, शाळा सुरू व्हायच्या आत. जळवा लागतात म्हणून सांगितलं तर म्हणे जळूचं पण रेकॉर्ड करू. त्या बाजूचा, मोजकी मुलं घेणारा आणि खोलीला लागून संडास असलेला कॅम्प कोणाला माहीत असेल तर कळवा.