लायमन ४५०, सात महिने वापरल्यावर

ऑक्टोबरात इथे अमेरिकेत, ओहायोत, एका गराज सेलमध्ये लायमन कंपनीचं हे धूड ४० डॉलरला मिळालं: शिशाच्या गोळ्या मापात आणून त्यांना वंगण लावणारं हातयंत्र. घरी बंदुकीच्या गोळ्या ओतणाऱ्याला ते फार उपयोगी पडतं. दांडा खाली ओढला की गोळी डायमधून (नेमक्या मापाच्या भोकाच्या साच्यातून) दाबली जाऊन नेमक्या मापाची होते आणि त्याच दमात तिच्या खाचांत वंगण भरतं. वंगणाविना गोळी झाडली तर बंदुकीच्या नळीत शिसं चिकटतं, मग ब्रश घेऊन घासत बसा.

रचना आपल्या सोऱ्याचीच. टाकीत मधोमध आट्यांचा दांडा, त्यावर चकतीसारखा नट; रॅचेट (एकाच दिशेने पकड घेणारा दातेरी हँडल) फिरवला की नट खाली सरकतो आणि वंगण डायच्या भोकांतून आत शिरतं. माझ्या सोऱ्यात मात्र आधीच्या मालकाचं पीठ, म्हणजे जुनं वंगण, पार दगड झालं होतं. अशा वेळी रॅचेटवर जोर काढू नका, आटे गेले की खेळ खलास. डाय काढून यंत्र उलटं टांगलं आणि हीट गनने सावकाश तापवलं. मधमाश्यांचं मेण ६२-६४ अंश सेल्सिअसला वितळतं, पण एवढं ओतीव लोखंड तापायला वेळ घेतं. तासाभराने काळपट तपकिरी चिखल थेंबथेंब गळू लागला. थंड झाल्यावर अंगणात नेऊन मिनरल स्पिरिट्सने (रंग पातळ करायच्या द्रावकाने) धुतलं, रबरी रिंग नवी घातली.

भरण्याची खरी गंमत पुढे. वंगणाच्या पोकळ कांड्या विकत मिळतात, मधल्या आट्यांवर नुसत्या सरकवायच्या. मी कंजूष. अर्धं मेण, अर्धं अ‍ॅलॉक्स (गोळ्यांसाठी वापरतात ते चिकट वंगण), गरम पाण्याच्या भांड्यात दुसरं भांडं ठेवून वितळवलं (थेट आचेवर कधीच नको, पेट घेतं) आणि गार टाकीत एकदम ओतलं. सकाळी आट्यांभोवती पोकळी! एक खाच गच्च, दुसरी अर्धी रिकामी. हवा राहिलेल्या पिठाची चकली तुटते तसंच. दुसऱ्यांदा टाकी आधी कोमट केली, तीन हप्त्यांत ओतलं, मध्ये आकसलं तिथे वरून भर घातली. तेव्हापासून तक्रार नाही.

गोळीच्या बुडाखाली वंगण यायचं, तो दोष माझाच: रॅचेट जास्त फिरवायचो. आता काम संपलं की दाब थोडा सोडतो. जानेवारीत गराजमध्ये वंगण हलेचना, मग शेजारी ६० वॅटचा बल्ब लावून ठेवायला लागलो.

.३८ स्पेशल या रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाच्या १५८ ग्रेन (वजनाचं छोटं एकक) गोळ्या ०.३५८ इंची डायमधून काढतो. आरसीबीएस या दुसऱ्या कंपनीचीही डाय यात बसते, त्यामुळे ०.४५२ ची जुनी घेऊन ठेवली. गोळीला वरून दाबणारा पंच मात्र तिच्या नाकाशी जुळलाच पाहिजे, नाहीतर नाक चेपतं.

वेग? तासाला जेमतेम दोनशे. ढिगाने गोळ्या लागत असतील तर पावडर कोटिंगकडे (वंगणाऐवजी गोळीवर पुडीचा लेप भाजून बसवण्याकडे) वळा. मला ही ठकठक आवडते. फक्त शिसं हाताळल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय चहाचा कप उचलायचा नाही, यावर बायको दारातच पहारा देते.