हॅक्नी डायमंड्स : आधी दुसरी बाजू लावा

रोलिंग स्टोन्सच्या ‘हॅक्नी डायमंड्स’ची एलपी घेतली असेल, तर तबकडी उलटी करून सुई आधी दुसऱ्या बाजूवर ठेवा. सातव्यापासून बाराव्या गाण्यापर्यंत ऐका आणि मग पहिल्या बाजूला या. वय झालेल्या रॉक बँडनं नवा अल्बम करावा की जुन्या गाण्यांवर दौरे करत राहावं, हा वाद दरवर्षी कुणा ना कुणावरून पेटतो. या एका तबकडीत त्याचं बरंचसं उत्तर सापडतं. पहिल्या बाजूवर बँडनं आपलं वय झाकलंय. दुसऱ्या बाजूवर ते वाजवलंय, आणि तिथेच हा अल्बम पैसे वसूल करतो.

अल्बम २० ऑक्टोबर २०२३ ला आला. त्याआधीचा स्वतःच्या नव्या गाण्यांचा अल्बम ‘अ बिगर बँग’, २००५ चा. मधल्या १८ वर्षांत २०१६ चा ‘ब्लू अँड लोनसम’ आला, पण त्यात सगळी जुनी ब्लूज गाणी होती आणि तो तीन दिवसांत वाजवून मोकळे झाले होते. नवा अल्बम आला तेव्हा गायक मिक जॅगर ८० वर्षांचा, गिटारवादक कीथ रिचर्ड्स ८० ला दोन महिने कमी आणि दुसरा गिटारवादक रॉनी वूड ७६ चा. ड्रमर चार्ली वॉट्स ऑगस्ट २०२१ मध्येच गेला होता. मुंबईत ७ एप्रिल २००३ ला ब्रेबॉर्न स्टेडियमवर ज्यांनी हा बँड ऐकला, त्यांच्या कानात साठीच्या उंबरठ्यावरचा जॅगर आहे. हे रेकॉर्डिंग त्यानंतर वीस वर्षांनी झालंय, हे धरूनच ऐकायला बसा. (नावाचा अर्थ: गाडीची किंवा दुकानाची काच फोडून चोरी झाली की रस्त्यावर जो चुरा पडतो, त्याला लंडनच्या बोलीत ‘हॅक्नीचे हिरे’ म्हणतात; हॅक्नी हा लंडनचाच एक भाग.)

आधी गळ्याचं बघू, कारण म्हाताऱ्या बँडचा अल्बम बहुतेक वेळा तिथेच फसतो. वय वाढलं की स्वरतंतूंमधला स्नायू बारीक होतो. दोन तंतू पूर्ण मिटत नाहीत, मधल्या फटीतून हवा निसटते आणि एक ओळ गायला पूर्वीपेक्षा जास्त श्वास लागतो. शब्दावरचा झटका, फेक, उच्चार हे बराच काळ शाबूत राहतं. लांब धरलेला वरचा सूर आधी हलायला लागतो. आपले गवई अशा वेळी सरळ पट्टी उतरवतात, काळी एकवरून पांढरी सातवर येतात आणि कुणी भुवई उंचावत नाही. रॉकमध्ये हे तितकं सोपं नाही. रिफ, म्हणजे गाण्यात पुन्हा पुन्हा येणारा गिटारीचा तुकडा, मोकळ्या तारांवर बांधलेला असतो, त्यामुळे पट्टी बदलली तर सगळ्या गिटारी अर्धा किंवा एक सूर खाली लावाव्या लागतात. मग तारा सैल पडतात, खडखडतात, आणि ताण परत आणायला सर्वांत बारीक तार .०१० ऐवजी .०११ इंचाची असलेला जाड संच चढवावा लागतो. जुन्या गाण्यांसाठी ही उस्तवार करावीच लागते. नव्या गाण्याचा फायदा असा की ते आजच्या गळ्याच्या मापानं शिवता येतं. नव्या अल्बमच्या बाजूनं एवढं एकच कारण सांगायचं झालं, तर आम्ही हेच सांगू.

जॅगरचा गळा आश्चर्य वाटावं इतका टिकलाय. शब्द चावून फेकण्याची त्याची पद्धत तशीच आहे. पण पहिल्या बाजूवर निर्माता अँड्र्यू वॉटला (जन्म १९९०, म्हणजे जॅगरहून ४७ वर्षांनी लहान) एवढ्यावर समाधान वाटलेलं नाही. आवाज सगळ्या वाद्यांच्या पुढे आणून ठेवलाय, धृपदात त्यावर आवाजांचे थर चढवलेत आणि श्वास दिसेल अशा जागा गुळगुळीत केल्यात. ‘अँग्री’चा रिफ चांगला आहे, पहिल्या दहा सेकंदांत पकडतो. ‘गेट क्लोज’ आणि ‘डिपेंडिंग ऑन यू’सुद्धा सुबक बांधलीत. या तिन्ही गाण्यांच्या लेखनात जॅगर-रिचर्ड्सबरोबर वॉटचंही नाव आहे, आणि ते ऐकू येतं: धृपद वेळेवर येतं, मधला तुकडा वेळेवर येतो, रेडिओवर कुठे अडणार नाही. स्टोन्सच्या गाण्यात नेहमी कुठेतरी एक सैल टाका असायचा, दोन गिटारी एकमेकींच्या किंचित मागे-पुढे पडायच्या आणि त्या फटीत सगळी मजा असायची. इथे तो टाका घट्ट शिवून टाकलाय.

आवाजाच्या पातळीबद्दलही तक्रार आहे. कंप्रेशन म्हणजे मोठा आणि बारीक आवाज यांतलं अंतर दाबून कमी करणं. थोडं केलं तर गाणं एकजीव होतं. जास्त केलं की स्नेअर ड्रमचा, म्हणजे संचातल्या कडक वाजणाऱ्या छोट्या ड्रमचा, प्रत्येक ठोका सारख्याच वजनाचा लागतो, झांजांची खळखळ सपाट होते आणि चार गाण्यांनंतर कान थकतो. तरुण बँडला हे खपून जातं. ज्या बँडची सगळी पुंजी हाताच्या वजनात आहे, त्याचं वजनच यात गायब होतं. ‘बाइट माय हेड ऑफ’मध्ये बीटल्सच्या पॉल मॅकार्टनीनं बेस गिटारीवर फझ (आवाज मुद्दाम फाटका करणारं यंत्र) लावून जो खरखरीत तुकडा वाजवलाय, तो केवढा मोठा प्रसंग! सगळे आवाज एकत्र जुळवताना त्याला अजून मोकळी हवा मिळायला हवी होती. तरी ते गाणं पहिल्या बाजूवरचं सर्वांत जिवंत गाणं आहे. ‘होल वाइड वर्ल्ड’मध्ये जॅगर ठसठशीत लंडनी उच्चारात गातो, ते ठीक. ‘ड्रीमी स्काइज’ मात्र वेगळं. संथ लय, सरकत्या गिटारीचे स्वर, माउथ ऑर्गन, आणि ओळी अशा की श्वास संपण्याआधी संपतात. आजच्या गळ्यासाठी शिवलेलं पहिल्या बाजूवरचं हे एकमेव गाणं.

आता दुसरी बाजू.

‘मेस इट अप’ आणि ‘लिव्ह बाय द स्वॉर्ड’ या दोन गाण्यांत ड्रम्स चार्ली वॉट्सचे आहेत, तो गेल्यानंतर जपून ठेवलेल्या रेकॉर्डिंगमधून घेतलेले. ड्रम्स असलेल्या बाकीच्या गाण्यांत स्टीव्ह जॉर्डन आहे. हा काही परका माणूस नाही. १९८०च्या दशकापासून रिचर्ड्सच्या स्वतंत्र अल्बमांत तोच वाजवायचा. फरक समजून घ्यायचा असेल तर हाय-हॅटकडे कान द्या. हाय-हॅट म्हणजे पायानं उघडमीट होणारी झांजांची जोडी. बहुतेक ड्रमर उजव्या हातानं त्यावर अखंड आठ ठोके चालू ठेवतात. वॉट्स दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला, म्हणजे स्नेअरवर ठोका पडतो तेव्हा, उजवा हात उचलून घ्यायचा आणि हाय-हॅट वाजवायचाच नाही. त्या क्षणी स्नेअर एकटा पडतो, ठेका किंचित मागे रेलतो आणि झुलायला लागतो. जॉर्डनचा हात जास्त भक्कम, जास्त नेमका. तो गाण्याला पुढे ढकलतो. दोघंही अस्सल वाजवणारे आहेत, पण स्टोन्सची चाल म्हणून जी ओळखली जाते ती त्या उचललेल्या हातातून आलेली आहे.

‘लिव्ह बाय द स्वॉर्ड’मध्ये बेसवर बँडचा जुना बेसवादक बिल वायमन आहे. १९९३ मध्ये त्यानं बँड सोडल्याचं जाहीर झालं, आणि इथे तो ८६ व्या वर्षी परत येऊन वाजवतो. पियानोवर एल्टन जॉन. एवढी नावं जमली की गाण्याची जत्रा होते, पण इथे तसं झालेलं नाही, कारण वायमन-वॉट्स ही जोडी खाली जमीन धरून बसलीय आणि वरचे सगळे तिच्यावर उभे आहेत. गेलेल्या साथीदाराचं रेकॉर्डिंग कसं वापरावं याचा हा चांगला नमुना आहे. पिंक फ्लॉइडनं २०१४ च्या ‘द एंडलेस रिव्हर’मध्ये रिक राइटच्या जुन्या रेकॉर्डिंगवर जवळजवळ अख्खा अल्बम उभा केला, हेतू प्रेमाचा होता, पण ऐकताना उरलेल्या कापडाचे तुकडे जोडल्यासारखं वाटत राहतं. स्टोन्सनी बारापैकी दोनच गाणी वॉट्सला दिली आणि तिथे त्याला वाजवू दिलं. हेच प्रमाण बरोबर आहे.

‘टेल मी स्ट्रेट’ रिचर्ड्सनं गायलंय. गळा फाटलेला, सूर काठावर, आणि तो लपवायचा कसलाही प्रयत्न नाही. पहिल्या बाजूच्या लखलखाटानंतर तीन मिनिटांचं हे गाणं ऐकलं की वयाचा आवाज म्हणजे काय ते कळतं. त्याच्या हातांबद्दलही सांगायला हवं. संधिवातामुळे आपली वाजवण्याची पद्धत बदलावी लागली, हे तो उघडपणे सांगतो. इथे त्याची जुनी खोड कामाला येते असं आमचं मत आहे. १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून तो गिटारीची सर्वांत जाड सहावी तार काढून टाकतो आणि उरलेल्या पाच तारा जी-डी-जी-बी-डी अशा लावतो. आपल्या भाषेत सांगायचं तर सा-प-सा-ग-प. मोकळ्या तारा छेडल्या तरी अख्खा मेजर कॉर्ड (एकत्र वाजणारे सा-ग-प) वाजतो आणि एक बोट पाचही तारांवर आडवं दाबलं की दुसरा कॉर्ड तयार. नेहमीच्या लावणीत तीन-चार बोटं वेगवेगळ्या तारांवर ताणावी लागतात, इथे एक बोट आणि मधूनमधून आणखी दोन पुरतात. सुजलेल्या सांध्यांना ही लावणी मानवते. ज्या वादकाची सगळी शैली वेगावर उभी असते त्याला ही सोय नसते. बँडनं म्हातारपणी अल्बम करावा का, याचा निम्मा निकाल तिशीत त्यानं कोणती शैली निवडली यावरच लागलेला असतो.

‘स्वीट साउंड्स ऑफ हेवन’ हे अल्बमचं शिखर. सात मिनिटांहून मोठं, लेडी गागा गायला, स्टीव्ही वंडर कळफलकांवर. जॅगर सुरुवात खालून करतो, सावकाश चढत जातो आणि वरच्या जागा गागाला देतो. ही वाटणी फार शहाणपणाची आहे. वरचा लांब सूर तरुण गळ्यानं धरायचा, म्हाताऱ्यानं त्याच्याभोवती बोलल्यासारखं गायचं. पाच मिनिटं उलटल्यावर गाणं संपल्यासारखं थांबतं, मग स्टीव्हीची बोटं पुन्हा चाळवतात आणि सगळे हळूहळू परत गोळा होतात. एका खोलीत एकमेकांकडे बघत वाजवल्याशिवाय असं होत नाही.

आमच्या मते म्हाताऱ्या बँडसाठी या अल्बममधून उचलण्याजोगी कामाची पद्धत अशी: एक तारीख ठरवा. स्टोन्स वर्षानुवर्षं गाणी रखडवत होते. व्हॅलेंटाइन डेपर्यंत, म्हणजे १४ फेब्रुवारी २०२३ पर्यंत, संपवायचं असं ठरल्यावर काही आठवड्यांत काम उरकलं. बाहेरचा एक कान आणा, पण त्याला गाणी लिहायला बसवू नका. ५० मिनिटांच्या आत थांबा. ‘अ बिगर बँग’ १६ गाण्यांचा आणि ६४ मिनिटांचा होता आणि त्यातली पाच गाणी काढली असती तर तो आज दुप्पट आठवला असता. पट्टी गळ्याला विचारून ठरवा. नवी गाणी मैफलीत वाजवा, नाहीतर अल्बम नुसता दौऱ्याची जाहिरात ठरतो. २०२४ च्या दौऱ्यात ‘अँग्री’, ‘मेस इट अप’ आणि ‘स्वीट साउंड्स’ वाजली, हे त्यांच्या बाजूनं धरायला हवं. या अल्बमला २०२५ मध्ये सर्वोत्तम रॉक अल्बमचं ग्रॅमी मिळालं. आमच्या लेखी ते दुसऱ्या बाजूचं आहे.

विकत काय घ्यावं? एलपी दिसायला देखणी, पण एका तबकडीवर प्रत्येक बाजूला २४ मिनिटं कोंबलीत. ही मर्यादेच्या जवळची गोष्ट आहे. तबकडी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते. काठाजवळ सुईखालून सेकंदाला साधारण ५१ सेंटिमीटर खाच सरकते, लेबलजवळ जेमतेम २१. तेवढ्याच आवाजाला निम्म्याहून कमी जागा. म्हणजे सगळ्यात मोठा आवाज असलेलं ‘स्वीट साउंड्स’ नेमकं लेबलकडच्या अडचणीच्या जागी आलंय. गोल टोकाची साधी सुई असेल तर गागाच्या वरच्या सुरांवर ‘स’चा चरचराट येईल, लंबगोल टोकाची सुई, सुई बसवलेल्या कार्ट्रिजचं माप बरोबर लावून आणि कंपनीनं सांगितलेल्या वजनावर (बहुतेक सुयांना २ ग्रॅमच्या आसपास), वापरली तर तो बराच कमी होतो. तेवढी खटपट नको असेल तर दोन सीडींची आवृत्ती घ्या. तिच्या दुसऱ्या सीडीवर न्यूयॉर्कच्या रॅकेट या छोट्या सभागृहात १९ ऑक्टोबर २०२३ ला वाजवलेली सात गाणी आहेत. ‘अँग्री’ दोन्हीकडे ऐका: स्टुडिओत जो टाका घट्ट शिवलाय, तो तिथे उसवलाय आणि गाणं श्वास घेतंय. आमची शिफारस याच आवृत्तीची. मोबाइलवर ऐकणार असाल तर अॅपमधली आवाज समान करण्याची सोय चालू ठेवा, नाहीतर हा अल्बम शेजारच्या जुन्या अल्बमांवर ओरडतो आणि तुलना चुकते.

शेवटचं ‘रोलिंग स्टोन ब्लूज’ मात्र कोणत्याही सुईवर नीट वाजतं. १७ ऑक्टोबर १९६१ ला डार्टफर्ड स्टेशनवर रिचर्ड्सला जॅगर भेटला तेव्हा त्याच्या काखेत ब्लूज गायक मडी वॉटर्सची तबकडी होती. मडीच्याच १९५० च्या या गाण्यावरून पुढच्या वर्षी बँडचं नाव पडलं, पण त्यांच्या कुठल्याही अल्बमवर ते आधी नव्हतं. इथे ड्रम्स नाहीत, बेस नाही, पाहुणे नाहीत. एक गिटार, एक माउथ ऑर्गन, एक गळा आणि पावणेतीन मिनिटांहून कमी वेळ. लेबलजवळच्या त्या अरुंद खाचेत एवढं आरामात मावतं.