किचनचा ओटा: काच, ग्रॅनाइट की क्वार्ट्झ?

किचनचं काम काढलंय, इंटिरिअरवाल्याने काचेच्या ओट्याचे फोटो दाखवलेत, पांढराशुभ्र, कुठे जोड नाही, खालून लाइट सोडलेला, तर मन जाणारच. पण अ‍ॅडव्हान्स द्यायच्या आधी एवढं बघा की तुमच्या ओट्यावर दिवसभर काय काय होतं. नारळ फुटतो का, खलबत्ता चालतो का, कुकर उतरवून थेट ओट्यावर टेकवता का. यावरच सगळं ठरतं. माझं मत आधीच सांगून टाकते, रोज दोन वेळचा पूर्ण स्वयंपाक होणाऱ्या घरात मेन ओटा ग्रॅनाइटचाच बरा, आणि काच आवडलीच असेल तर ती गॅसच्या मागच्या भिंतीला लावा.

आधी एक गोष्ट क्लिअर करून घ्या. काचेचा ओटा म्हणून बाजारात दोन वेगळे माल मिळतात. एक म्हणजे टफन्ड काच, साधारण १२ किंवा १९ एमएम जाडीची, खालच्या बाजूने रंग दिलेली. दुसरा नॅनो व्हाइट, जो काचेच्या पावडरीपासून भट्टीत बनतो, दिसतो दगडासारखा आणि आरपार दिसत नाही. कोटेशनवर नुसतं 'ग्लास टॉप' लिहिलेलं असेल तर यातलं कुठलं ते लिहून घ्या, कारण दोघांचं वागणं वेगळं आहे. नॅनो व्हाइट साइटवर कापता येतो पण कडेचे टवके उडतात आणि उडाले की त्या पांढऱ्यावर लगेच डोळ्यात येतात.

आता टफन्ड काच. ही काच ६००च्या वर डिग्रीला तापवून हवेच्या झोताने झटकन थंड करतात, त्यामुळे ती साध्या काचेच्या चारपाच पट मजबूत होते आणि फुटलीच तर मोठे सुरे न होता बारीक दाणे होतात. गरम भांड्याने ती सहसा तडकत नाही, तरी लाल झालेला तवा ठेवू नका, मधे स्टँड पाहिजेच. हळदीचा डाग? अजिबात नाही. काचेला छिद्रंच नसतात, त्यामुळे हळद, बीट, कोकम, लोणच्याचं तेल, काहीही सांडा, ओल्या फडक्याने साफ. या एका गोष्टीत काचेला तोड नाही आणि पांढऱ्या ओट्याचं स्वप्न बघणाऱ्या प्रत्येकीला हे पटेल.

पण रोजचं बघा ना. स्टीलची पातेली काचेवर ठेवली की खणकन आवाज, दिवसभर. डब्याच्या बुडाला कणभर रेती चिकटलेली असली आणि तो ओट्यावरून सरकवला की बारीक ओरखडा पडतो, आणि काचेचा ओरखडा पॉलिश करून नीट जात नाही. विळी-सुरी थेट काचेवर चालवली तर सुरीची धार जाते. टँकरचं किंवा बोअरचं पाणी असेल तर सिंकच्या आजूबाजूला वाळलेल्या थेंबांचे पांढरे गोल दिसतात, काळ्या नाहीतर गडद रंगाच्या काचेवर तर खूपच, म्हणजे प्रत्येक वेळी पुसून कोरडं करायचं. आणि टफन्ड काचेची खरी कमजोरी म्हणजे कड. मधोमध बऱ्यापैकी मार सहन करते पण कडेला लोखंडी बत्ता निसटून आपटला तर अख्खी शीट एका क्षणात दाणेदार होते. ग्रॅनाइटचं तसं नाही, टवका उडेल, ओटा राहील.

ग्रॅनाइटबद्दल फार सांगायची गरज नाही, सगळ्यांच्या घरी आहे. गरम कुकर ठेवा, वाटण कुटा, चालतं. थोडं पाणी-तेल शोषतो म्हणून फिकट रंग घेतलात तर अधूनमधून सीलर (दगडाची छिद्रं बुजवणारं द्रव) मारावा लागतो, काळ्यात तो त्रास जवळपास नाही. भाड्याने द्यायचा फ्लॅट असेल तर दुसरा विचारच करू नका.

क्वार्ट्झ दिसायला काचेच्या जवळ जातो, एकसारखा पांढरा मिळतो, म्हणून बरेच जण काच सोडून त्याच्याकडे वळतात. त्यात सुमारे ९० टक्के क्वार्ट्झची पूड आणि बाकी रेझिन, म्हणजे पूड धरून ठेवणारं प्लॅस्टिकसारखं द्रव्य असतं, आणि हे रेझिनच उष्णतेला घाबरतं. गॅसवरून काढलेली कढई थेट ठेवली तर पिवळा डाग पडतो, कधी तडाही जातो. घरात गरम भांडं खाली टेकवायची सवय असेल तर ती सवय बदलणार नाही हे धरूनच चाला. अजून एक, हा दगड कोरडा कापताना उडणारी बारीक धूळ कारागिरांच्या फुफ्फुसाला फार वाईट, तिच्यातल्या सिलिकाने सिलिकोसिस हा फुफ्फुसाचा आजार होतो, ऑस्ट्रेलियाने तर याच कारणाने जुलै २०२४ पासून या क्वार्ट्झच्या दगडावर बंदी आणली. ग्रॅनाइटच्या धुळीतही सिलिका असतेच, तेव्हा दगड कुठलाही घ्या, कटिंग पाणी सोडूनच करायला लावा, ते कामगार आपल्याच घरात काम करत असतात.

एवढं वाचूनही काचच घ्यायची असेल, म्हणजे घरात दोघंच, स्वयंपाक हलका, किंवा चहा-नाश्त्याचा वेगळा काउंटर करताय, तर जरूर घ्या, तिथे ती सुंदर दिसते. फक्त क्रम चुकवू नका. टफन्ड झाल्यावर काच कापता येत नाही, भोक पाडता येत नाही, म्हणून हॉब (ओट्यात बसवायची गॅस शेगडी), सिंक, नळ आधी विकत आणून ठेवा, कॅबिनेट बसू द्या, मग माप द्या. पाच वर्षांनी हॉब बदललात आणि त्याचा कटआउट मोठा निघाला तर अख्खी शीट नवी. लांब ओटा एका तुकड्यात हवा असेल तर लिफ्ट आणि जिन्याचं वळण मोजा, १२ एमएम काच चौरस मीटरला ३० किलो भरते, आणि वर पोचल्यावर 'थोडी कापून घेऊ' हा पर्याय नाही. पांढरा रंग हवा तर एक्स्ट्रा क्लिअर काच मागा, साध्या काचेतून पांढरा हिरवट दिसतो. काचेवर आयएस २५५३ चा, म्हणजे सेफ्टी काचेच्या भारतीय मानकाचा शिक्का बघा. आणि चिकटवायला न्यूट्रल सिलिकॉनच वापरायला सांगा, व्हिनेगरसारखा वास येणारं स्वस्त सिलिकॉन मागचा रंग खातं, सिंकजवळ तर आधी.